ब्लूज महोत्सवातील एक दिवस
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



अमेरिकेतील शिकागो शहरात दरवर्षी जून महिन्यात ब्लूज संगीताचा महोत्सव भरतो. त्यातील एक दिवस मला अनुभवावयास मिळाला. त्याविषयी चार शब्द आपणापुढे ठेवतो.

प्रथम ब्लूज म्हणजे काय, ते सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः मिसिसिपी राज्यात, कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांचे हे गाणे. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यावयाचे, अशी त्याची साधी रचना. विषय रोजच्या जगण्यातले : कर्ज, ताटातूट, पूर, आगगाडी.

शहर प्रशासनाने १९८४ साली सुरू केलेला हा महोत्सव २०१७ पासून मिलेनियम पार्कमध्ये भरतो. प्रवेश विनामूल्य आहे. हिरवळीवर चादर अंथरून कुटुंबेच्या कुटुंबे बसलेली होती. म्हाताऱ्यांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. गाणे रंगले की तीच म्हातारी मंडळी उठून नाचत होती. दुपारपासून रात्रीपर्यंत कोणी कोणाला तिकीट विचारले नाही.

हे उद्यान इलिनॉय सेंट्रल कंपनीच्या जुन्या रेल्वेमार्गांवर छत घालून उभारलेले आहे. आजही खालून लोकल गाड्या धावतात. याच कंपनीच्या गाड्यांनी हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिणेतील जाच सोडून शिकागोला आली. १९४३ साली मडी वॉटर्स हा शेतमजूर असाच आला. दिवसा काम आणि रात्री गुत्त्यात गाणे, असे त्याचे दिवस गेले. तेथील गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. शिकागोच्या ब्लूजला त्यातून नवा आवाज मिळाला. १९८३ साली तो वारला आणि पुढच्याच वर्षी हा महोत्सव सुरू झाला.

परंतु बंधूंनो, टाळ्या मिळाल्या म्हणून मोबदला मिळालाच, असे नाही. विली डिक्सन हाही मिसिसिपीचाच. त्याची गाणी रोलिंग स्टोन्ससारख्या इंग्लंडमधील नामवंत वाद्यवृंदांनी गायिली. लेड झेपेलिन या वाद्यवृंदावर मात्र त्याला १९८५ मध्ये दावा लावावा लागला. १९८७ मध्ये तडजोड झाली. डिक्सन स्वतःपुरते पाहून थांबला नाही. इतर कलावंतांना त्यांच्या गाण्याचे हक्क आणि पैसे मिळावेत म्हणून त्याने ‘ब्लूज हेवन फाउंडेशन’ ही संस्था काढली. १९९२ साली तो वारला. त्यानंतर त्याच्या पत्नीने मिशिगन अव्हेन्यूवरील २१२० क्रमांकाची इमारत, जेथे मडी वॉटर्सची गाणी ध्वनिमुद्रित झाली होती, विकत घेतली. ती आज या संस्थेचे घर आहे.

मोकळ्या मैदानावरचा तो आनंद मी पोटभर घेतला. पण मनात राहिले ते डिक्सनचे काम. आपणही कार्यक्रमांना गायक बोलावतो, हार-नारळ देतो. त्याबरोबर त्यांचे मानधन ठरल्या दिवशी, ठरल्याप्रमाणे हातात पडावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.