घोट्याचे दुखणे आणि कागदावरील निदान



ग्वाल्हेर आणि महाराष्ट्र यांचा ऋणानुबंध शिंदे राजवटीपासूनचा आहे. लग्नकार्याच्या वा राणी लक्ष्मीबाईंच्या समाधिदर्शनाच्या निमित्ताने महाराष्ट्रातील माणसे आजही या शहरी येतात. समजा, विदर्भातून आलेल्या एखाद्या आजींचा पाय किल्ल्याच्या उतारावर घसरून मुरगळला. घोटा सुजला. आप्तांनी त्यांना रुग्णालयात नेले आणि केसपेपरवर ‘घोट्याचे दुखणे’ एवढीच नोंद झाली. ही नोंद खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे.

दुखणे हे लक्षण होय, निदान नव्हे. त्यामागे लचक असेल, अस्थिभंग असेल किंवा संधिवातही असेल. मुका मार लागल्यानंतर क्ष-किरण चित्र केव्हा काढावे, याचे साधे नियम कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. दुखापत होताच आणि रुग्णालयात आल्यावरही रुग्णाला चार पावले टाकता आली नाहीत, अथवा घोट्याच्या बाजूच्या हाडाची मागील कड वा टोक दाबताच दुखले, तर चित्र काढणे इष्ट ठरते.

निदान निश्चित झाले की त्याला संकेतांक मिळतो. या वर्गीकरणाचा पाया १८९३ साली फ्रान्सच्या बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडून घातला. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने त्यात आजारांचाही समावेश केला. १९९० साली संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीत सांध्यातील वेदनेस एम २५.५, घोट्याच्या लचकेस एस ९३.४ आणि घोट्याच्या बाहेरील बाजूच्या हाडाच्या भंगास एस ८२.६ हे संकेतांक आहेत. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी अनेक ठिकाणी दहावीच वापरात आहे. ग्वाल्हेरचा डॉक्टर ‘मोच’ म्हणेल, नागपूरचा ‘लचक’ म्हणेल. संकेतांक मात्र दोघांनाही एकच अर्थ सांगतो. आजी गावी परतल्यावर पुढील उपचार करणाऱ्यास याचा मोठा आधार होतो.

आता देयकाचा विचार करू. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि हा लाभ परराज्यातील संलग्न रुग्णालयातही घेता येतो. मात्र हे संरक्षण प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील साध्या तपासणीचा खर्च त्यात बसत नाही. दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांचा व घरी गेल्यानंतरच्या १५ दिवसांचा संबंधित खर्च ठरावीक दराच्या पॅकेजमध्येच अंतर्भूत असतो. म्हणून निदान, क्ष-किरण चित्र, शस्त्रक्रिया आणि दावा यांचा मेळ बसला पाहिजे. हाड मोडले असूनही कागदावर केवळ ‘दुखणे’ लिहिले, तर रास्त दावाही अडू शकतो.

याउलट, आजींची केवळ लचक असताना ‘अस्थिभंग’ लिहून योजनेचा लाभ मिळवून देण्याचा मोह कोणास होईल. त्यात दया दिसते, पण ती खोटी होय. तो पैसा दुसऱ्या गरजूच्या वाट्याचा असतो. शिवाय न मोडलेल्या हाडाची नोंद आजींच्या कागदपत्रांत कायमची राहते.

तेव्हा रुग्णाने पाय कोणता, केव्हा व कसा दुखावला हे नीट सांगावे. केसपेपर, क्ष-किरण चित्र आणि घरी जातानाचा सारांश जपून ठेवावा. निदान समजले नाही तर विचारण्यास संकोचू नये. शिक्षकांनी ही माहिती पालकांपर्यंत न्यावी. कार्यालयातील सेवकांनी डॉक्टरांनी लिहिले तेच नोंदवावे, शंका आल्यास त्यांनाच विचारावे. योजनेविषयी १४५५५ या क्रमांकावर चौकशी करता येते. घोटा महिन्या-दीड महिन्यात बरा होईल. कागदावरील नोंद मात्र पुढेही उपयोगी पडावयाची आहे. ती खरी असावी, एवढी दक्षता प्रत्येकाने घ्यावी.