बातमी शेवटच्या घरापर्यंत

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जपान म्हटले की आपल्याला भदन्त सुरई ससाई यांची जन्मभूमी आठवते. कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेही आठवते. आज मात्र मला तेथील विहारांविषयी बोलायचे नाही. तोकियोपासून दूर, लहान शहरांत आणि खेड्यांत राहणाऱ्या परदेशी माणसांच्या रोजच्या जगण्याविषयी बोलायचे आहे. गावातली बातमी या माणसांपर्यंत पोहोचते की नाही, हा माझा प्रश्न आहे.

ही माणसे कोण? १९९० साली जपानचा प्रवेश कायदा बदलला आणि पूर्वी ब्राझीलला गेलेल्या जपानी कुटुंबांची मुले-नातवंडे कारखान्यांत कामाला आली. शिझुओका प्रांतातील हामामात्सु आणि गुन्मा प्रांतातील ओइझुमी ही त्यांची मोठी वस्तीस्थाने. १९९३ पासून 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' या नावाने आशियातील तरुण येऊ लागले. शेतात, मासळीच्या कारखान्यात, शिवणकामात ते राबतात. २०२४ अखेरीस जपानमध्ये सुमारे ३७ लाख ६९ हजार परदेशी रहिवासी होते. देशाची लोकसंख्या त्या वर्षी सुमारे १२ कोटी ३८ लाख होती.

आता साधी कचऱ्याची गोष्ट घ्या. तेथे जळणारा कचरा एका दिवशी, प्लास्टिक दुसऱ्या दिवशी, बाटल्या आणि रद्दी आणखी वेगळ्या दिवशी. अनेक गावांत नगरपालिकेने ठरवलेलीच पिशवी लागते. चूक झाली की पिशवीवर चिठ्ठी चिकटवतात आणि ती तेथेच ठेवतात. शेजारी मग परदेशी माणसाच्या दाराकडे बघतात. त्याला मिळालेले पत्रक त्याला वाचता येत होते का, हे फारसे कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट 'काइरानबान'ची. ही घराघरांतून फिरणारी सूचनांची फाईल. आरोग्य तपासणीची तारीख, पाणी बंद राहण्याचा दिवस, भूकंपाची कवायत, सारे तिच्यात असते. एका घराने वाचायचे, शिक्का किंवा सही करायची आणि शेजारच्या घरी द्यायची. व्यवस्था मोठी सुंदर आहे. परंतु जो आळीच्या मंडळात नाही, त्याच्या दारावरून ती फाईल पुढे जाते. दार चुकवून पुढे जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

सरकारी दफ्तरातही असेच होते. २०१२ पर्यंत परदेशी माणसाचे नाव रहिवाशांच्या नोंदवहीत नसे. त्यांची नोंद वेगळी होई. फेब्रुवारी २००३ मध्ये योकोहामाच्या निशी विभागाने नदीत आलेल्या 'तामा-चान' नावाच्या सील प्राण्याला कौतुकाने रहिवासी दाखला दिला. तेव्हा काही परदेशी रहिवाशांनी सीलसारखी तोंडे रंगवून निषेध केला. कर आम्ही भरतो आणि दाखला सीलला, असा त्यांचा सवाल होता. पुढे ९ जुलै २०१२ पासून परदेशी रहिवासीही त्याच नोंदवहीत आले.

मित्रहो, रोजच्या दिवसात बातमी न मिळाली तर गैरसोय होते. आपत्तीत जीव जातो. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे परिसरात भूकंप झाला. ६,४३४ माणसे मृत्यू पावली. पाणी कोठे मिळते, निवारा कोठे आहे, या सूचना अवघड जपानीत होत्या. त्यातच १९२३ च्या भूकंपाची आठवण होती. तेव्हा खोट्या अफवा पसरल्या आणि कोरियन लोकांच्या कत्तली झाल्या. म्हणून कोबेच्या नागाता भागात, जेथे बुटांच्या कारखान्यांत कोरियन आणि व्हिएतनामी कामगार होते, तेथे लोकांनी स्वतःच छोटी रेडिओ केंद्रे सुरू केली. एक कोरियन भाषेतले आणि दुसरे व्हिएतनामी, तगालोग, स्पॅनिश अशा भाषांतले. दोन्ही एकत्र येऊन 'एफ.एम. वाय-वाय' झाले आणि १७ जानेवारी १९९६ रोजी, भूकंपाच्या वर्षदिनी, त्याला परवाना मिळाला. २०१६ पासून ते इंटरनेटवर चालू लागले. ज्यांचा आवाज कोणी ऐकत नव्हते त्यांनी आपले वृत्तसाधन उभे केले.

याच अनुभवातून हिरोसाकी विद्यापीठातील भाषातज्ज्ञांनी 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपी जपानी, घडवली. 'आश्रयस्थान' या अवघड शब्दाऐवजी 'पळून जाण्याची जागा' म्हणायचे. 'पश्चात्कंप' न म्हणता 'नंतर येणारा भूकंप' म्हणायचे. वाक्य लहान ठेवायचे. 'यासाशी' या शब्दाचे दोन अर्थ होतात, सोपे आणि मायाळू. ही भाषा लहान मुलांना आणि म्हाताऱ्या जपानी माणसांनाही उपयोगी पडली. २०२० साली जपान सरकारने तिच्यासाठी मार्गदर्शिका काढली.

तिचा उपयोग दिसला १ जानेवारी २०२४ रोजी. इशिकावा प्रांतातील नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा निघाला. एन.एच.के.च्या निवेदिकेने शांत, लांबलचक वाक्ये बाजूला ठेवली आणि ओरडून सांगितले की ताबडतोब पळा. पडद्यावर मुलांनाही वाचता येईल अशा सोप्या लिपीत मोठी अक्षरे होती. २०११ च्या त्सुनामीने हा धडा दिला होता.

तथापि सारे काही सुधारले असे समजू नका. जपानमध्ये सक्तीचे शिक्षण परदेशी मुलांना लागू नाही. पालकांनी अर्ज केला तर सरकारी शाळेत मोफत प्रवेश मिळतो, परंतु अर्ज करायचा असतो हेच ज्यांना कळत नाही त्यांचे काय? २०१९ च्या सरकारी पाहणीत सुमारे २० हजार परदेशी मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता दिसली. हामामात्सु शहराने २०११ पासून अशा घरी माणसे पाठवून मुलांना शोधण्याचे काम हाती घेतले. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश मानणाऱ्यांना या कामाचे मोल कळेल.

ही शिकवण आपल्याला नवी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात कथा आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वेदांच्या भाषेत, बांधण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने धम्म आपापल्या भाषेत शिकावा असे सांगितले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले, तेही आपल्या माणसांची बातमी आपल्या माणसांपर्यंत जावी म्हणून. कळेल अशा भाषेत माहिती मिळणे हा माणसाचा हक्क आहे. ती कोणाची मेहरबानी नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला आहे. तुमच्यापैकी काही जण तिकडे जातील. हिरागाना आणि काताकाना या दोन लिपी येथूनच शिकून जा. घर ठरल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवा. ११९ हा रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाचा क्रमांक आणि ११० हा पोलिसांचा, हे पाठ ठेवा. आळीच्या भूकंप कवायतीला आवर्जून जा. काइरानबान दारी आली नाही तर शेजाऱ्याकडे ती मागा.

आणि संस्थेच्या सभासदांना माझी विनंती आहे. आपल्या वस्तीत बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार राहतात. शिष्यवृत्ती, लसीकरण, रेशन, शाळाप्रवेश यांच्या सूचना आपल्या फलकावर लागतात. त्या साध्या मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहा. दोन विद्यार्थ्यांनी दर रविवारी वस्तीत फिरून, ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्या वाचून दाखवाव्यात. याला पैसा लागत नाही. हे काम याच वर्षावासात सुरू व्हावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जय भीम.