मेमरीचा हिशोब आणि वेगाची कसोटी

चालू प्रोग्रामला मेमरी लागते ती तुकड्यातुकड्यांनी. नाव साठवायला थोडे बाइट, छायाचित्र उघडायला कितीतरी जास्त. काम संपले की तो तुकडा परत. हे देणेघेणे सांभाळणाऱ्या भागाला ॲलोकेटर म्हणतात. सी भाषेत 'मॅलॉक' तुकडा मागते आणि 'फ्री' तो परत करते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला सहसा एवढेच दिसते. पण कोणता तुकडा कुठून दिला, यावर प्रोग्रामचा वेग, त्याची मेमरीची भूक आणि पुष्कळदा सुरक्षितताही ठरते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेत काम करणारे संगणकशास्त्रज्ञ एमरी बर्जर यांनी दोन दशकांहून अधिक काळ या दुर्लक्षित भागाचा पिच्छा पुरवला. या क्षेत्रातल्या रूढ समजुती मोजून तपासायच्या, हा त्यांच्या संशोधनाचा कणा आहे.

सुरुवात झाली ती टेक्सास विद्यापीठात पीएच.डी. करताना. एका यंत्रात अनेक प्रोसेसर बसू लागले होते, पण ॲलोकेटर एकाच कुलपामागे काम करत. एक थ्रेड मेमरी घेत असेल तर बाकीच्यांनी थांबायचे. त्यामुळे प्रोसेसर वाढवूनही वेग वाढत नसे. प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र साठा दिला की रांग संपते, पण दुसरी अडचण उभी राहते. एक थ्रेड मेमरी घेतो आणि दुसराच ती परत करतो, अशी रचना असेल तर परत आलेले तुकडे भलत्याच साठ्यात पडून राहतात आणि पहिला थ्रेड नवी मेमरी मागतच राहतो. बर्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या 'होर्ड' ॲलोकेटरने ही कोंडी फोडली. एखाद्या प्रोसेसरचा साठा ठराविक मर्यादेपलीकडे रिकामा झाला, की त्यातला बराचसा मोकळा ठोकळा सामायिक साठ्यात जातो आणि कोणालाही वापरता येतो. मेमरी किती वाया जाईल याची वरची मर्यादा गणिताने सिद्ध करता आली, हे होर्डचे खरे बळ.

२००२ साली त्यांनी आणखी एका समजुतीला हात घातला. वेग हवा असेल तर आपल्या प्रोग्रामपुरता स्वतःचा ॲलोकेटर लिहावा, असा अनुभवी प्रोग्रामरांचा सल्ला असे. असे ॲलोकेटर वापरणारे आठ प्रोग्राम तपासले, तेव्हा सहांमध्ये डग ली यांचा सर्वसाधारण ॲलोकेटर तितकाच किंवा अधिक चांगला ठरला. २००५ साली मॅथ्यू हर्ट्झ यांच्यासह त्यांनी गार्बेज कलेक्शनचा, म्हणजे टाकाऊ मेमरी आपोआप गोळा करण्याच्या पद्धतीचा, खर्च मोजला. हाताने मेमरी मोकळी करताना लागते त्याच्या पाचपट जागा दिली तर ही पद्धत वेगात बरोबरी करते. तिप्पट जागेत ती सरासरी १७ टक्के, तर दुपटीत जवळपास ७० टक्के मंद पडते. वर्षानुवर्षे मतांवर चाललेल्या वादाला या आकड्यांनी जमीन दिली.

पुढे बर्जर यांच्या 'डायहार्ड' या ॲलोकेटरने तुकडे विखरून आणि यदृच्छेने ठेवून मेमरीतल्या चुकांचा धोका कमी केला. ही यदृच्छा पुढच्या कामात पुन्हा पुन्हा भेटते.

तिचा सर्वांत देखणा वापर २०१९ च्या 'मेश' या ॲलोकेटरमध्ये आहे. बराच वेळ चाललेल्या प्रोग्रामच्या मेमरीत मधे मधे भोके पडतात. सी भाषेत पत्ते थेट वापरले जात असल्याने वस्तू सरकवून ही भोके बुजवता येत नाहीत. ४,०९६ बाइटांच्या एका पानात १६ बाइटांच्या २५६ जागा मावतात. दोन पानांतल्या भरलेल्या जागा एकमेकींवर येत नसतील, तर दोन्हींतला मजकूर एकाच भौतिक पानावर आणता येतो. प्रोग्रामला दिसणारे आभासी पत्ते दोनच राहतात, खाली पान मात्र एक. वस्तू पानात यदृच्छेने पेरल्या, की अशा जोड्या मिळण्याची खात्री संभाव्यतेच्या गणिताने देता येते. प्रोग्रामची एक ओळही न बदलता फायरफॉक्सची मेमरी १६ टक्क्यांनी आणि रेडिसची ३९ टक्क्यांनी घटली.

वेगाच्या मोजमापाचा प्रश्न याहून अवघड निघाला. टॉड मित्कोविच आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले होते, की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची लांबी किंवा फाइली जोडण्याचा क्रम बदलला तरी प्रोग्रामचा वेग बदलतो, कारण मेमरीतली मांडणी हलते. म्हणजे सुधारणा म्हणून दाखवलेला फरक निव्वळ मांडणीचा योगायोग असू शकतो. चार्ली कर्टसिंगर आणि बर्जर यांच्या 'स्टॅबिलायझर'ने २०१३ साली प्रोग्राम चालू असतानाच ही मांडणी पुन्हा पुन्हा पिसली, त्यामुळे संख्याशास्त्राच्या कसोट्या लावता आल्या. एलएलव्हीएम कंपायलरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ऑप्टिमायझेशन पातळीतला फरक तेव्हा योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. या निष्कर्षाचे वजन संगणकशास्त्राने अजून पुरते ओळखलेले नाही.

याच जोडीचे २०१५ चे 'कॉझ' हे साधन विचारते, की अमुक ओळ वेगवान केली तर सबंध प्रोग्राम किती वेगवान होईल. ओळ प्रत्यक्ष वेगवान करता येत नाही. म्हणून ती चालत असताना बाकीच्या थ्रेडांना थोडे थांबवतात आणि त्या थांब्याचा वेळ हिशोबातून वजा करतात. एसक्यूलाइटमध्ये या साधनाने काही चिमुकल्या फंक्शनांकडे बोट दाखवले. नेहमीच्या प्रोफाइलरच्या लेखी त्यांत एक टक्का वेळही जात नव्हता. त्यांना आडवळणाने न बोलावता थेट बोलावले, तेव्हा एसक्यूलाइट सुमारे २५ टक्के वेगवान झाला. बर्जर यांचे 'स्केलीन' हे पायथनसाठीचे साधन वेळेबरोबर मेमरीचाही हिशोब मांडते.

या परिषदेत वेगाचे दावे करणारे निबंध दरवर्षी येतात. एकाच मांडणीवर घेतलेली वेळ यापुढे पुरावा म्हणून स्वीकारली जाऊ नये, आणि प्रत्येक आकड्याबरोबर त्याच्या चढउताराची व्याप्ती मागितली जावी, अशी निवड समितीला या व्यासपीठावरून आग्रहाची विनंती आहे.