घोड्यावरचा कायदा
(नवेगाव बांध इथल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण)

दोस्तांनो, मी मुंबईच्या गोदीत ओझं उचलतो. शिक्षण मॅट्रिक. विद्वत्ता ऐकायला आला असाल तर खुशाल उठा.

परवा इथंच, मामाच्या पडवीत, मोबाइलवर पिक्चर पाहिला. 'द ब्रॉन्झ बकरू', १९३९ सालचा. तासाभराचा, स्वस्तातला. सगळे नट काळे, हिरो हर्ब जेफ्रीज. जमिनीत सोनं, त्यावर गुंडांचा डोळा, मित्र गायब, आणि हा घोड्यावर त्यांच्या मागावर. गोऱ्यांच्या पिक्चरमध्ये ज्यांना घोडा मिळत नव्हता, त्यांनी आपला घोडा आणला. मी खूश.

मामा म्हणाला, "का गा भाचा, त्या जमिनीवर आधी कोन राहत होता?"

माझी बोलती बंद. कारण १८३० साली तिथं कायदाच झाला, मूळ रहिवाशांना हुसकावण्याचा. लुटणाऱ्याचा कायदा, आणि लुटला गेलेला डाकू! आपल्याकडे १८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मताच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पारध्यावरची नजर गेली का?

हे नवेगावचं रान १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. आजा आणायचा ती सरपणाची मोळी नातवानं उचलली की मागं शिट्टी. माझा मामेभाऊ मोळी टाकून पळालाय. तो डाकू?

आता बास रीव्ह्ज ऐका. गुलाम म्हणून जन्मला. १८७५ साली अमेरिकेत सरकारी मार्शलचा डेप्युटी झाला, ३२ वर्षं डाकू पकडले. वाचता येत नव्हतं. वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, पाठ करायचा. त्याच्या छातीवर बिल्ला होता, पण कायदा लिहिणारा हात दुसऱ्याचाच. बाबासाहेबांनी बिल्ला नाही मागितला, लेखणी हातात घेतली. फरक इथं आहे.

२००६ चा वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्याकडं तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा मागतो. ज्यांना अक्षरच बंद होतं, त्यांनी कागद कुठून आणायचा? पण त्याच कायद्याच्या नियमांत म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणंही पुरावा धरलंय.

म्हणून शेरिफची वाट बघू नका, डाकू व्हायची हौसही नको. आज रात्री आज्याजवळ बसा. वही काढा. तो सांगेल ते लिहा, आणि ग्रामसभेत आपटा.

म्हातारे थांबत नाहीत, दोस्तांनो. माझा आजा गेला. मी तेव्हा कविता लिहीत होतो.