टेम्पोचा धूर आणि पीयूसी



आमच्या बचत गटाचा डिझेलचा जुना टेम्पो आहे, बीएस-३. भाजी घेऊन आठवडी बाजाराला जातो. मागच्या खेपेला तो पीयूसीत नापास झाला. अशा गाडीला धुराची मर्यादा ६५, यंत्रावर आकडा आला ७८.

ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, थोडे जास्त पैसे दिले की गाडी न नेताच कागद मिळतो." मिळालाही असता. पण डिझेल वाया जायचं थांबलं नसतं, आणि डिझेलचा खर्च का वाढला म्हणून त्याच महिन्यात आमची बैठकीत भांडणं झाली होती!

एक मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, चाळीस हजार. कर्जाचे हप्ते अजून चालूच. आम्ही दुसऱ्याकडे गेलो. त्यानं आधी एअर फिल्टर काढून आपटला. मूठभर धूळ पडली! आमच्याकडे रस्त्याचं काम चाललंय ना. इंजिनाला हवा कमी पडली की डिझेल पुरतं जळत नाही. फुंकर न घातलेली चूल धुमसते, तसंच ते. फिल्टर नवा टाकला, नोझल साफ करून घेतले. आकडा ४८ वर आला.

तेव्हा खर्चाला हो म्हणण्याआधी धुराचा रंग बघा. काळा असेल तर हवा किंवा नोझल, आधी स्वस्तातलं तपासा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा झिजल्या असतील. तिथे खर्च खरा असतो. सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ येते, तिला घाबरू नका. गाडी तापल्यावरही पांढरं येतंय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर मात्र गाडी लगेच दाखवा.

स्कूटीचा धूर दिसत नाही, तरी ती नापास होऊ शकते. तिथे नळीतला वायू मोजतात. बिघडलेला प्लग, तुंबलेला फिल्टर, एवढंही पुरतं.

तपासणीला थंड गाडी नेऊ नका, आकडा उगाच वाढतो. आणि पीयूसीची तारीख चुकवू नका. कायद्यात दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे.

आता आम्ही हिशेबाच्या वहीत डिझेलच्या शेजारी फिल्टर झटकल्याची तारीखही लिहितो. रस्ता होईपर्यंत तरी दर पंधरवड्याला.