गाडीतून टकटक येतेय? इंजिन उघडायच्या आधी हे ऐका

(या भागाचा लिखित मजकूर)

आजचा विषय आहे जुन्या गाडीचा आवाज. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "भाऊ, गाडी चढावर टकटक करते, मिस्त्री म्हणतो बोअर-पिस्टन करा. करू का?" माझं उत्तर एकच: थांबा. आधी आवाज ओळखा. कारण टकटक टकटक सगळी सारखी नसते. कुठली टकटक प्लग बदलून जाते, कुठली टॅपेट सेट करून जाते, आणि कुठली मात्र खरंच इंजिन उघडायला लावते. यातला फरक कळला नाही तर शंभर-दोनशेच्या कामाला काही हजार जातात.

आपल्या झरी जामणी तालुक्यात ही गोष्ट जास्त महत्त्वाची. मुकुटबन, पाटण, शिबला, कुठेही बघा, दारात दहा-पंधरा वर्षांची शंभर सीसीची गाडी उभी असते. वणीच्या दवाखान्यात जायचं, पांढरकवड्याला कागदपत्रांच्या कामाला जायचं, शेतात खताचं पोतं न्यायचं, सगळं त्याच गाडीवर. ती बंद पडली की घराचा अर्धा कारभार बंद. त्यात मे महिन्यातलं ४५ अंशांच्या आसपासचं ऊन, रस्त्यावर कोळशाच्या आणि सिमेंटच्या ट्रकांची धूळ, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. इंजिनाचा कस लागतो राव!

नॉकिंग म्हणजे नेमकं काय?

शेतातल्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवताना बघितलंय ना? एका टोकाला काडी लावली की आग हळूहळू दुसऱ्या टोकाकडे जाते. इंजिनात तसंच होतं. प्लग ठिणगी टाकतो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका बाजूने पेटत जातं, आणि पिस्टन खाली ढकलला जातो. आता समजा, आग पोचायच्या आधीच दुसरं टोक उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकलं तर? आत दाबाचा हादरा बसतो आणि धातू किणकिणतो. हेच नॉकिंग. पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून हलवावे तसा आवाज येतो.

थोडं झालं तर लगेच काही बिघडत नाही. पण महिनोन् महिने चालू राहिलं तर पिस्टनची कड झिजते, रिंग तुटते, हेड गॅस्केट जातं, आणि शेवटी पिस्टनला भोकसुद्धा पडतं. म्हणून दुर्लक्ष नको.

पेट्रोल असं आपोआप भडकायला किती विरोध करतं, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. बीएस-६ चे नियम आले तेव्हा साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१ ठरलं होतं. पूर्वी हे ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये शिसं घालायचे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी ही युक्ती शोधली. नॉकिंग थांबलं, पण शिशाचं विष जगभरच्या हवेत गेलं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. म्हणजे ही टकटक शंभर वर्षं जगाची डोकेदुखी आहे, तुमच्या एकट्याची नाही.

आवाज कधी येतो, ते लिहून ठेवा

आवाज कसा आहे यापेक्षा कधी येतो हे जास्त सांगून जातं.

एक. चढावर, डबलसीट, टॉप गिअरमध्ये गाडी हळू आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला. अशा वेळी किणकिण येते, आणि गिअर कमी केला किंवा ॲक्सिलरेटर सोडला की लगेच जाते. हे खरं नॉकिंग.

दोन. गाडी उभी आहे, न्यूट्रलमध्ये आहे, तरी हेडमधून एकसारखी बारीक टिकटिक. हे टॅपेट. बहुतेक वेळा नुसतं सेटिंग.

तीन. सकाळी गाडी चालू केल्यावर किंवा ॲक्सिलरेटर सोडताना इंजिनाच्या बाजूने साखळी घासल्यासारखी खळखळ. टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर.

चार. थंड इंजिनात ठपठप, गरम झाल्यावर कमी. पिस्टन आणि बोअरमधली जागा वाढलीय. घाई नाही, पण लक्ष ठेवा.

पाच. खालून जड ठकठक, रेस वाढवली की वाढत जाते, गरम झाल्यावर अजून जोरात. हे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. इथे मात्र गाडी चालवू नका. टेम्पोत टाकून न्या, कारण रॉड तुटला तर केसही फुटू शकते.

तुमच्या हातात मोबाईल आहे, त्याचा उपयोग करा. आवाज रेकॉर्ड करा, कधी येतो ते बोलून ठेवा. गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी हमखास गप्प बसते! तेव्हा हीच रेकॉर्डिंग ऐकवा. पण चालत्या गाडीवर फोन हातात धरू नका. मागे बसणाऱ्याला रेकॉर्ड करायला सांगा.

प्लग खोलून बघा

प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. डॉक्टर जीभ बघतो तसा आपण प्लग बघायचा. इंजिन थंड झाल्यावर काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. पांढरं फटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन तापतंय. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोक. काळं आणि तेलकट म्हणजे ऑईल जळतंय. आणि पांढऱ्या भागावर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक ठिपके दिसले, तर नॉकिंग बरंच झालंय असं समजा.

दुरुस्ती: स्वस्तातून महागाकडे

पहिली दुरुस्ती फुकटची. चढ आला की वेळेत गिअर कमी करा. मायलेजसाठी टॉप गिअरमध्ये गाडी रेटत नेणं हे नॉकिंगला आमंत्रण आहे.

दुसरी, पेट्रोल. किराणा दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल फक्त अडचणीच्या वेळी. त्यात रॉकेल मिसळलेलं असेल तर ऑक्टेन धाडकन खाली येतं. पंपावर भरा. शंका असेल तर एक टाकी जास्त ऑक्टेनचं प्रीमियम भरून बघा. आवाज गेला, तर ते नॉकिंगच होतं. पण ही फक्त परीक्षा आहे, औषध नाही.

तिसरी, इंजिनाचे पंखे. म्हणजे सिलेंडरवरच्या त्या पट्ट्या. त्यात काळी माती वाळून बसली की हवा लागत नाही आणि इंजिन तापतं. धुवा, पण थंड झाल्यावरच. तापलेल्या इंजिनावर गार पाणी कधीच मारू नका. ऑईलची पातळीही तेव्हाच बघा.

चौथी, योग्य नंबरचा प्लग, एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची सफाई. कार्बोरेटर आणि हेडच्या मधलं रबर किंवा पॅकिंग दाबून, वाकवून बघा. तिथे भेग असेल तर जादा हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं.

इथेच ई-२० चा प्रश्न येतो. इथेनॉलमुळे नॉकिंग वाढतं का? इथेनॉलचं ऑक्टेन उलट जास्त असतं. पण त्यात ऑक्सिजन असतो, आणि जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही. त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं आणि इंजिन जास्त तापू शकतं. प्लग पांढरा दिसत असेल तर मिस्त्रीकडून मिश्रण सेट करून घ्या. जुने रबरी पाईपही तपासा, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं.

पाचवी, कार्बन. चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार फेरे मारतं का? मग आत कार्बनचा थर तापून लाल होतोय आणि तोच ठिणगीचं काम करतोय. हेड उघडून कार्बन साफ करावा लागेल. निळसर धूर येत असेल तर त्याच वेळी व्हॉल्व्ह सील आणि रिंगाही बघून घ्या, नाहीतर वर्षभरात कार्बन परत.

राजदूत किंवा जुनी बुलेट असेल तर पॉइंटचं टायमिंग आधी तपासा. ठिणगी वेळेआधी पडली की नॉकिंग ठरलेलं.

एवढं सगळं करूनही आवाज राहिला, तर बोअर-पिस्टनचा विचार करा. आणि तेव्हाही मिस्त्रीला विचारा, "दादा, बोअरचं माप घेतलं का? किती झिजलाय?" चांगला मिस्त्री माप दाखवतो, त्याला राग येत नाही. जुने पार्ट परत मागून घ्या.

तर या रविवारी अर्धा तास काढा. प्लग खोला, फोटो काढा, आवाज रेकॉर्ड करा आणि मगच गॅरेजला जा. पुढच्या भागात चेन-स्प्रॉकेटबद्दल बोलू. तोपर्यंत हेल्मेट घाला, गाडी सांभाळून चालवा. भेटू!