दुखणाईताची सेवा आणि आपण पुरुष मंडळी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

पत्रिकेत माझा विषय 'कामगार चळवळ' असा छापला आहे. त्या विषयावर मी तीस वर्षे बोलत आलो. आज घरातलं बोलणार आहे. पोरांच्या आईला विचारून बोलतोय. ती मागे खांबाजवळ बसली आहे.

२०१८ सालची गोष्ट. जयंती पार पडली आणि चार दिवसांनी मुलीने मला सांगितलं, बाबा, आईच्या छातीत गाठ आहे. किती दिवस? सहा महिने. मी चिडलो. मला का नाही सांगितलं? तर बायको म्हणाली, "दुखत नव्हती. आणि तुम्ही घरी होता कधी?"

भगिनींनो, या रोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई थांबते आणि रोग वाढत राहतो. डॉक्टरांनी हे मला नंतर समजावलं. पण तिच्या दुसऱ्या वाक्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तेव्हा आमची गिरणी चालू होती, ती २०२० ला बंद पडली. पहिल्या पाळीचं सुटलो की युनियन, तिथून विहार, तिथून कुणाच्या रेशनकार्डाचं काम. घरी यायचं ते जेवायला. आपण भाषणात माता रमाईचा त्याग सांगतो, आणि घरी जाऊन बायकोकडून तोच त्याग वसूल करतो. मी तर नक्कीच केला.

चाळीतल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मी भरले आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी घरचे कागद काढले, तर बायकोचं रेशनकार्डावर सासरचं नाव आणि आधारकार्डावर माहेरचं. नऊ दिवस त्यात गेले. गाठ काही नावाची दुरुस्ती होईपर्यंत थांबत नाही. आपापले कागद घरी गेल्यावर बघा, आजच बघा.

आधी ऑपरेशन झालं, मग दर एकवीस दिवसांनी केमो, असे आठ. नंतर तीन आठवडे शनिवार-रविवार सोडून रोज रेडिएशन. आपण परळ-नायगावची माणसं, त्यातल्या त्यात नशीबवान. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून इथं आहे, आणि कुठून कुठून लोक येऊन बाहेर फुटपाथवर पथारी टाकतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कित्येक रोग्यांना आसरा मिळतो. आम्ही संध्याकाळी आपल्या घरी तरी येत होतो.

घरी येऊन करायचं काय, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. तूरडाळीचा डबा कुठला ते ठाऊक नव्हतं. शेजारच्या वहिनींना विचारून मऊ भात शिकलो. तिला सगळ्याची चव लोखंडासारखी लागायची. आमटी केली की वासानेच ओकारी. एका हातात घमेलं आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ धरायची. केस गेले तेव्हा उशीवरचा पुंजका मी गुपचूप उचलत होतो. ती बघून म्हणाली, "टाकू नका, केसवाल्याला द्या, एखादा टोप तरी येईल." मला हसावं की रडावं कळेना. नळावर तिची लुगडी धुताना दोघातिघांनी चेष्टा केली. ते आज इथं बसलेत, नावं घेत नाही.

चौथा केमो झाला, त्यानंतर आठवड्याभराने आमच्या कमिटीची सभा होती. मी गेलो. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, ताप शंभराच्या वर गेला तर रात्र असो की दिवस, दवाखान्यात आणा. संध्याकाळी तिला एकशे एक ताप चढला. मुलगी फोन लावत होती, तर हिने तिचा हात धरला, "बाबा सभेत आहेत, नको." मी अकराला आलो तेव्हा ती थंडीने हुडहुडत होती. टॅक्सी केली. पाच दिवस सलाईनवर होती. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या पाच दिवसांत मला विनयपिटकातली गोष्ट आठवली, महावग्गातली. एक भिक्खू हगवणीने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. कोणी विचारीना, कारण इतर भिक्खू म्हणत, हा आमच्या काही उपयोगी पडत नाही. भगवंतांनी स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर निजवलं. ही गोष्ट मी इथं याच माईकवर दोनदा सांगितलेली आहे. तेव्हा माझं लक्ष भगवंतांच्या करुणेकडे होतं. 'उपयोगी पडत नाही' या शब्दांकडे नव्हतं. ही बरी होऊन चुलीला कधी लागणार, असं माझ्या मनात आलेलं होतं, बंधूंनो. खोटं बोलत नाही.

एका रात्री तिने विचारलं, "मला काही झालं तर?" मी लगेच अनित्य समजावू लागलो. ती म्हणाली, "अहो, भाषण नको. नुसते बसा." मग बसलो. तिचा हात धरून बसलो. ऑपरेशनच्या बाजूचा नव्हे, त्या हाताला सूज येते, त्या हातातून सुई, रक्तदाब काही घ्यायचं नसतं. हेसुद्धा नर्सला दर वेळी आपणच सांगावं लागतं, म्हणून सोबत माणूस पाहिजे.

आता तपासणीला वर्षातून जातो. रोजची गोळी अजून चालू आहे. घरातून निघताना तिने सांगितलंय, "माझ्यावर बोलायचं तर बोला, पण नऊच्या आत संपवा, गोळीची वेळ होते." नऊला पाच कमी आहेत. जयभीम. नमो बुद्धाय.